तिने वारा मागितला होता

दाजी कोयंड्यांच्या घरात चूल पेटवायची ती यशोदेने, आणि त्या कामात तिचा हात धरणारं जामसंड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत कुणी नव्हतं. श्रावणातलं ओलं सरपण मोठं हट्टी. त्याच्यावर रागाने, घाईने फुंकत बसलं की राख डोळ्यांत जाते आणि होता तो विस्तवही विझतो, हे कळायला नव्या सुनेला वर्ष लागतं. यशोदा फुंकणी ओठांना लावी, नाकाने बेताचाच श्वास घेई आणि सोडताना मात्र सावकाश, लांबवर सोडी. निखारा आधी लाल होई, मग त्याला ज्वाळ फुटे. मग ती चहाचं आधण ठेवी.

यशोदा ही दाजींची थोरली लेक. लग्नाच्या चौथ्या वर्षी नवरा मचव्याबरोबर समुद्रात बुडाला आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट माहेरी आणून सोडली. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. माहेरी तिला काही कमी नाही, असं वाडीत सगळे म्हणत. चूल तिची, गोठा तिचा, खरकटी भांडी तिची. फक्त चवथ आली की गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटवीला तिचा हात लागायचा नाही, पाहुणे आले की तिने पुढच्या दारी यायचं नाही, आणि सकाळच्या प्रहरी कामाला निघालेल्या माणसाच्या आडवं जायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी तिला सगळी मोकळीक होती.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. त्या वर्षी त्या घरात यशोदेला जीव लावणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे तिची भावजय सुगंधा. सुगंधा दोडामार्गाकडची, काजू-केळींच्या बागांतून आलेली, जेमतेम अठरा वर्षांची. नवरा सत्यवान मुंबईला गिरणीत. वर्षातून दोनदा यायचा, एकदा शिमग्याला आणि एकदा चवथीला. सुगंधा यशोदेला 'बाय' म्हणे, तिच्याच शेजारी निजे, आणि चूल फुंकायला बसली की हटकून राख उडवून घेई.

"गो, फुंकतस काय भांडतस?" यशोदा हसून म्हणे. "हळू. राख उडाक नको."

आषाढ सरता सरता सुगंधेचा सव्वा महिन्याचा मुलगा दोन दिवसांच्या तापात गेला. त्याला पुरून पुरुषमाणसं परत आली, आंघोळी झाल्या, आणि काशीबाईने, म्हणजे सुगंधेच्या सासूने, सुनेला माजघरात बसवून एकच गोष्ट सांगितली.

"सणासुदीचे दिस इले. चवथीच्या तोंडार घरात रडा नको. झाला ता झाला. देवान दिल्यान, देवान नेल्यान."

काशीबाई दुष्ट होती असं कुणी समजू नये. तिची स्वतःची तीन गेली होती आणि तिच्या सासूने तिला अगदी हेच सांगितलं होतं. आपल्याकडे दुःख असंच सासूकडून सुनेकडे येतं, पितळेच्या भांड्यांबरोबर.

सुगंधा रडली नाही. छातीला घट्ट फडकं बांधून तिने दूध आटवलं. भात कांडला, गोठा झाडला, ओटी सारवली. बघणारे म्हणाले, चेडू शाणा आसा, लवकर सावरला. यशोदेला मात्र रात्री शेजारून एक लहानसा आवाज ऐकू यायचा. सुगंधा श्वास कोंडून धरायची आणि मग तो एकदम निसटायचा. यशोदा तिच्या पाठीवर हात ठेवायची. यापलीकडे काय करायचं ते तिलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी शेजारची तुळसा ताक मागायला आली. तिच्या कडेवर तान्हं होतं. माजघरात सुगंधा खोबरं किसत बसली होती. तुळसाने सहज ते मूल तिच्या शेजारी घोंगडीवर टाकलं आणि ती परसात गेली. मूल रडायला लागलं. सुगंधेच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग उमटले. तिने किसणं थांबवलं, मुलाकडे पाहिलं, आणि तिचा श्वास धावायला लागला.

यशोदा चुलीजवळून उठून येईपर्यंत सुगंधा भिंतीला पाठ लावून बसली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डोळे फाटले होते. दोन्ही हातांची बोटं आत वळून आखडली होती, ती तिची तिलाही उलगडता येत नव्हती.

"वारो..." ती म्हणत होती. "बाय, माका वारो... वारो..."

तिला म्हणायचं होतं, मला वारा मिळत नाही, माझा जीव घुसमटतोय. पण तिच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघत होता, आणि त्या वाडीत त्या शब्दाला दोन अर्थ होते. काशीबाई दारात येऊन उभी राहिली आणि तिने दुसरा, भुताबाधेचा अर्थ ऐकला.

"आयकलास?" ती ओरडली. "तिच्याच तोंडान सांगता! भायलो वारो लागलो हा तिका!"

मग काय विचारता. घटकाभरात माजघर माणसांनी भरलं. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी आखडलेल्या मुठीत लोखंडी किल्ली कोंबली. ज्या पोरीला वारा पुरत नव्हता तिच्याभोवती वीस माणसं तिचा वारा अडवून उभी राहिली. आणि प्रत्येकजण तिचं भलंच करायला आला होता.

त्या दिवशी देवी टोचायला सरकारी दवाखान्यातली नर्स सरलाबाई वाडीत आली होती. गलका ऐकून ती आत शिरली. ती शहरगावची, शिकलेली, आवाज मृदू पण ऐकावाच लागेल असा.

"सगळे बाहेर व्हा," ती म्हणाली. "सगळे. तुम्ही एकट्या थांबा." हे ती यशोदेला म्हणाली, कारण यशोदेनेच तेवढा मुलीचा हात धरला होता.

दार लोटून घेऊन सरलाबाई सुगंधेच्या समोर जमिनीवर बसली. नाडी पाहिली, ओठ पाहिले, नखं पाहिली, पाठीला नळी लावून छाती ऐकली. मग मुलीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हे जाणार आहे. मी इथेच बसले आहे. तुला वारा कमी पडत नाही, बाळा. तू फार जास्त घेते आहेस. बाहेर सोड. हळू सोड."

सुगंधेला कळत होतं, पण जमत नव्हतं. सोडायला गेली की लगेच दुसरा श्वास आत येई.

यशोदा हे बघत होती. एकाएकी ती उठली, चुलीजवळून फुंकणी घेऊन आली आणि सुगंधेच्या ओठांना लावली.

"सुगंधा, चूल फुंकतस तशी फुंक," ती म्हणाली. "ओली लाकडा आसत. हळू. राख उडाक नको."

पहिली फुंक तुटली. दुसरी तुटली. तिसरी थोडी लांबली. यशोदा शेजारी बसून तिच्याबरोबर स्वतःही फुंकर घालत राहिली, "नाकान इल्लोसो घे, तोंडान सोड, आजून सोड, आजून," असं म्हणत. सरलाबाई मान हलवत राहिली. पाऊण घटकेने सुगंधेची बोटं एकेक करून उलगडली. किल्ली खाली पडली. आणि मग ती रडली. महिनाभराचं रडली.

"रडू दे तिला," सरलाबाई म्हणाली.

"रडाक नको!" दाराबाहेरून काशीबाई म्हणाली. "चवथ आसा!"

निघताना सरलाबाईने यशोदेला परसात बोलावून नीट समजावलं. हे भूत नाही आणि वेडही नाही. जीव घाबरला की श्वास धावतो, श्वास धावला की ओठांना मुंग्या येतात, बोटं वळतात, आणि ते बघून माणूस आणखी घाबरतो. अशा वेळी गर्दी हटवायची, एकाने समोर बसायचं, शांत बोलायचं, श्वास लांबवर सोडायला लावायचा. "तुमच्या फुंकणीचं मला सुचलं नसतं," ती म्हणाली. "पण अर्ध्या तासात उतरलं नाही, ओठ निळे पडले, छातीत दुखलं किंवा शुद्ध गेली, तर मात्र वेळ न काढता डॉक्टरकडे न्यायचं. शनिवारी देवगडचे डॉक्टर दवाखान्यात येतात, तेव्हा एकदा दाखवूनही घ्या. आणि यशोदाबाई, कुणी धूर करायला आलं तर दारातच अडवा. जिला वारा हवा आहे तिला धुरात कोंडलं तर ती खरोखर मरेल."

ओटीवर दाजींनी विचारलं, "औषध काय दिलास, बाई?"

"औषध लागलं नाही."

"सुई तरी?"

"सुईचंही कारण नाही. तिला मोकळेपणी रडू द्या."

सरलाबाई गेली आणि तिच्यामागे ओटीवर पंचायत बसली. सुई नाही, बाटली नाही, पुडी नाही. मग नर्सबाईने केलं काय? फुंकली. फुंकून बरी झाली. देवस्की जाणणारा म्हणून ज्याची आसपासच्या चार वाड्यांत वट होती, तो भिकाजी पानाला चुना लावत शांतपणे म्हणाला,

"फुंकल्यान आनी उतारला. म्हणजे वारोच तो. रोग काय फुंकून जाता? मी तरी येगळा काय करतंय? पण बाईमाणसाच्या फुकीन तो जायना नाय, दडान बसता. परत येतलो." मग जरा थांबून त्याने खालच्या आवाजात पुस्ती जोडली. "आनी रांडावेची फुंकणी सवाष्णीच्या तोंडाक लावल्यात? बरा नाय केल्यात."

अशा रीतीने मुलीला आलेल्या गुणावरूनच तिच्या भुताचा पुरावा निघाला. शनिवारी तिला डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. यशोदेला मात्र सांगण्यात आलं की तिने यापुढे सुगंधेशेजारी निजू नये.

चवथीला दोन दिवस राहिले होते. घर शेणाने सारवून झालं होतं, पाटावरच्या गणपतीची जागा रंगवून झाली होती. सत्यवानाचं पत्र आलं होतं, कोल्हापूरवरून एसटीने तळेऱ्याला उतरतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी. सुगंधेने ते पत्र तीनदा वाचलं. चौथी यत्ता शिकलेली होती ती. नवऱ्याला सांगायचं होतं की मुलगा कसा दिसत होता. त्याने तो पाहिलाच नव्हता.

त्या दुपारी माळ्यावरून माटवीचं सामान काढताना तिच्या हाताला मुलाची दुपटी लागली. कुणीतरी ती करंडीत दडपून ठेवली होती.

ह्या वेळी यशोदा वेळेवर पोचली. सुगंधा खाली बसली होती, श्वास सुटला होता, पण तिने यशोदेला पाहून स्वतःच हात पुढे केला. यशोदेने फुंकणी तिच्या हातात दिली.

"फुंक, बाये. ओली लाकडा."

सुगंधा फुंकू लागली. दहा-बारा फुंकांत तिचे खांदे खाली आले. डोळे निवायला लागले. आणखी थोडा वेळ मिळता तर ती उठून पाणी प्यायली असती, आणि ही गोष्ट लिहायचं मला कारण उरलं नसतं.

काशीबाई आली ती वाऱ्यासारखी. तिने सुनेच्या तोंडातून फुंकणी ओढून काढली आणि खिडकीतून परसात भिरकावली.

"घर खातलस काय गो माझा? आपलो घो खाल्लंस, आता भावाची बायल व्हयी तुका?"

सख्खी आई सख्ख्या लेकीला हे म्हणाली. दाजींनी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि स्वतः उंबऱ्यात उभे राहिले. ओटीवर भिकाजी येऊन बसलेलाच होता. चवथीच्या आधी घर 'मोकळं' करून घ्यायचं असं ठरलंच होतं. फक्त सुनेला आणि यशोदेला ते ठाऊक नव्हतं.

माजघरामागे भात ठेवायची खोली होती. तिला खिडकी नव्हती. सुगंधेला तिथे नेऊन बसवलं. भिकाजीने घमेल्यात निखारे घेतले, नाकातोंडाला पंचा बांधला, आत जाऊन निखाऱ्यांवर ओंजळभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि खोकत बाहेर आला. त्याला स्वतःला तिथे दोन श्वास उभं राहवलं नाही. त्याने दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

मग देवाला गाऱ्हाणं घालणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ओटीवरचे नऊ पुरुष एका सुरात म्हणाले.

"ह्या कोयंड्यांच्या घरातल्या सुनेक जो कोण भायलो वारो लागलो आसात..."

"होय म्हाराजा!"

"...तेका तुझ्या पायाखाली घे, वाटेक लाव, नि ह्या लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यशोदा चुलीपाशी होती. मधे एक मातीची भिंत. प्रत्येक 'होय म्हाराजा'च्या मधल्या फटीत तिला दारावरचे ठोके ऐकू येत होते. आधी तळहाताचे. मग नखांचे. "बाय," असं एकदा ऐकू आलं. ती उठली तेव्हा दाजींनी हात आडवा धरला. "देवाचा काम चालू आसा," ते म्हणाले. यशोदा त्या हाताला चावली असती, तो ढकलून गेली असती, वाडी गोळा होईल असं ओरडली असती, तर काय झालं असतं? हा प्रश्न पुढे तिने स्वतःला रोज विचारला. त्या वेळी तिच्या मनात एवढंच आलं की हे छप्पर सुटलं तर आपल्याला दुसरं नाही. ती खाली बसली.

गाऱ्हाणं लांबलं. भिकाजीला बरीच दैवतं पाठ होती. ते संपलं तेव्हा आतून ठोके येत नव्हते.

भिकाजीने कान लावला. "गेलो," तो समाधानाने म्हणाला. "वारो गेलो."

आणि आयुष्यात एकदा तो अक्षरशः खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवान आला. त्याच्या पेटीत बायकोसाठी निळ्या काठाचं लुगडं होतं. त्याला सांगितलं गेलं की सुगंधेला जबर बाधा होती, सगळे उपाय केले, पण वाऱ्याने नेली. तो भिंतीवर कपाळ आपटून रडला. तो पुरुष होता, त्यामुळे चवथीच्या तोंडावर रडू नको असं त्याला कुणी म्हणालं नाही.

सुतकामुळे त्या वर्षी कोयंड्यांचा गणपती शेजाऱ्यांच्या घरी बसला. "पंचवीस वर्सात पयलीच चवथ चुकली," असं काशीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि तिचे डोळे भरून येत.

सरलाबाई धावत आली होती. तिने आरडाओरडा केला, पोलिसपाटलाला बोलावणं धाडलं. त्याने ओटीवर बसून 'जुना दमा' असं लिहून घेतलं. नऊजणांनी तसंच सांगितलं. यशोदेला कुणी विचारलंच नाही; बाईमाणूस, त्यातून तसली. सरलाबाईने मात्र तिला परसात गाठलं.

"तुम्ही होतात ना? तुम्ही सांगाल?"

यशोदेने मागे पाहिलं. विहिरीपाशी दाजी उभे होते, विनाकारण दोर गुंडाळत. सरलाबाईने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळी यशोदेने परसातल्या केळीच्या आळ्यातून आपली फुंकणी शोधून काढली, धुतली आणि पुन्हा चुलीपाशी ठेवली.

पुढचा वैशाख आला. सत्यवानासाठी तळेऱ्याकडची मुलगी सांगून आली होती. मथुरा तिचं नाव. मुलीचा बाप बाबली आणि आत्या सावित्री घर बघायला आली. सावित्री पन्नाशीची, धारदार नजरेची, कुंकू भलंमोठं. ओटीवर पाट मांडले, कोकमाचं सरबत झालं, कलमाचे हापूस कापून झाले. यशोदा रिवाजाप्रमाणे आत होती.

बोलणी रंगात आली तेव्हा सावित्रीने पेला खाली ठेवला. "एक इचारतंय, रागावू नको हां विहीणबाय. पयली कशान गेली?"

"ती..." काशीबाई म्हणाली. "तिका... वारो..."

ती थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली. "तिका वारो..." तिने छातीवर हात ठेवला. श्वास एक घेतला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तोंडाला घाम सुटला. हातातली विड्याची पानं खाली पडली आणि बोटं आत वळायला लागली. आठ महिने त्या खोलीच्या दारावरून जाताना जी बाई मान वळवून जात होती, तिचा श्वास सगळ्या पाहुण्यांसमोर धावत सुटला.

"वारो... माका वारो..." ती म्हणाली.

माणसं उठली. घोळका झाला. दाजी घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे ठाऊक आहे तेच करतो. "धावा रे! भिकाजीक बोलवा! मिरश्यो काढा!"

"नको!" काशीबाई किंचाळली. तेवढ्या तुटक श्वासातून ते शब्द कसे बाहेर पडले देव जाणे. "मिरश्यो नको! माका थंय घालू नको! मरान मी! यशोदा... गो यशोदा!"

तिला सगळं ठाऊक होतं. त्या धुरात काय होतं हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

यशोदा उंबऱ्यात येऊन उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आणि जे तिच्या मनात आलं ते सांगायलाच हवं. तिला वाटलं, मागे फिरावं. चुलीपाशी जाऊन बसावं, जशी तेव्हा बसले होते. तेवढ्यात काशीबाईने आखडलेले हात तिच्याकडे केले, हुबेहूब त्या दुसऱ्या हातांसारखे. यशोदा आत गेली आणि फुंकणी घेऊन बाहेर आली.

"भायर व्हा सगळे. वारो सोडा तिका," ती म्हणाली. त्या घरात तिने पुरुषांना हुकूम केल्याची ही पहिलीच वेळ. ते बाजूला झाले. ती आईसमोर बसली. "आये, माझ्याकडे बघ. काय होवचा नाय तुका. फुंक. ओली लाकडा आसत. हळू. राख उडाक नको."

काशीबाई फुंकू लागली. जन्मभर चूल फुंकलेली बाई ती, चार फुंकांत तिला लय सापडली. बोटं सुटली. पाणी प्यायली.

सावित्री हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाहत होती. "ह्या कोणी शिकयल्यान तुका?"

"नर्सबायन. भूत नाय, काय नाय. जीव भियाला की दम धावता. हळू सोडलो की उतारता."

"आनी ता तुका ठावक होता?"

"होय."

"मगे सुनेक कित्याक केलंस नाय?"

"यशोदा, भितुर चल," दाजी म्हणाले.

यशोदा उठली नाही. "केलंय," ती सावित्रीला म्हणाली. "उतारत इला होता. मगे माझ्या हातातली फुंकणी काढून घेतल्यानी. तिका वाऱ्यान नेल्यान नाय. ती वारो मागी होती. आमी तिका कोंडून मिरश्यांचो धूर दिलो, नि भायल्यान कडी घातली. ह्या ओटयेर बसान नऊ जण होय म्हाराजा म्हणत होते. आनी मी भिंतीपलीकडे बसान आयकत ऱ्हवलंय. दहावी मी."

"यशोदा! भितुर चल म्हणतंय ना!"

"भितुर खंय, बाबा?" ती म्हणाली. "त्याच खोलीत?"

बाबली उठला. त्याने पायात वहाणा सरकवल्या आणि कुणाचा निरोप न घेता खळ्यात उतरला. सावित्री मात्र पायरीवर थबकली. यशोदेच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "ता फुंकणीचा परत एकदा सांग गो. आमच्या मथुरेचोव असोच दम धावता. आमी पण... आमीव भगताकडे न्हेतव तिका." यशोदेने तिला पुन्हा सगळं सांगितलं, गर्दी हटवण्यापासून ते डॉक्टरकडे कधी न्यायचं इथपर्यंत, नर्सबाईने सांगितलं होतं त्याच क्रमाने. सावित्रीच्या मोठ्या कुंकवाला त्या वेळी विधवेचा विटाळ झाल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाहुणे गेले. दाजी खळ्यात जाऊन पाठ करून बसले. आंब्यांच्या फोडींवर माश्या बसायला लागल्या होत्या. यशोदेने ताटं उचलली.

"मी उद्या नर्सबायकडे जातंय," ती म्हणाली. "पोलिसपाटलान माका इचारूक नाय तेव्हा. आता न इचारताच लिवन देतंय. तू माका घरात ठेव, नायतर नको ठेव."

काशीबाई भिंतीला टेकून बसली होती. फुंकणी अजून तिच्या मांडीवर होती. ती त्या नळीवरून बोट फिरवत राहिली.

"खूप येळ लागलो काय गो तिका?" तिने विचारलं.

यशोदेच्या हातात ताटं होती. ती दारात थांबली.

"तुमचा होय म्हाराजा सरेपर्यंत," ती म्हणाली, आणि भांडी घासायला परसात गेली.